वर्गाची वही

व्हायोलिनवाल्या मुलानं कागद स्टँडवर लावला, पहिल्या दोन ओळी पुटपुटल्यासारख्या वाजवून बघितल्या आणि विचारलं, "ताई, हे कुणी लिहून दिलं तुम्हाला?" मी म्हटलं, मीच लिहिलंय. तो थोडा थांबला. मग आवाज खाली आणून, अगदी अदबीनं म्हणाला, "नाही म्हणजे, टाइप कुणी केलं?" मी म्हटलं, तेही मीच. चेलोवाले खुंटी पिळत होते ते थांबले. सांगलीच्या विश्रामबागेतला तो छोटासा स्टुडिओ, एसी बंद केलेला, कार्पेटला पावसाळी कुबट वास. एका हौशी मंडळींच्या नव्या संगीत नाटकातला अभंग रेकॉर्ड व्हायचा होता. शब्द त्यांचे, चाल माझी, आणि गाण्यामागं दोन व्हायोलिनं आणि एका चेलोनं काय वाजवायचं तेही माझंच. पुण्याहून आलेल्या या तिघांना आधी ते माहीतही होतं. तरीसुद्धा कागद हातात पडल्यावर तो कागद आणि समोर पेटीवर बसलेली काळ्या चष्म्याची बाई, या दोन गोष्टी त्या मुलाला एकत्र बसवता येईनात.

त्याचं काही चुकलं नाही. मुलगा गुणी होता, हात गोड होता. पण प्रश्न माझ्यामागं घरापर्यंत आला. कारण मला पक्कं ठाऊक होतं की मी तिथं बसून तो अभंग तिन्ही वाद्यांच्या तुकड्यांसकट तोंडपाठ गाऊन दाखवला असता तर कुणीच असं काही विचारलं नसतं. "काय स्मरणशक्ती हो ताईंची!" म्हणाले असते आणि चहा सांगितला असता. आंधळ्या बाईला सगळं पाठ आहे यावर लोकांचा पटकन विश्वास बसतो. तिनं लिहिलंय म्हटलं की कुणीतरी मागं उभं असणार.

पाठ असणं हे लहानपणापासून माझं कौतुक होतं आणि तेच माझं कामही होतं. गावभागात गुरुजींच्या माडीवर आमचा वर्ग भरायचा. खाली तेलाच्या घाण्याचं दुकान होतं, त्यामुळं यमन म्हटलं की मला अजूनही शेंगदाण्याच्या पेंडीचा वास येतो. गुरुजी बंदिश सांगायचे, दोनदा म्हणून घ्यायचे, आणि मग "लिहून घ्या." पुढं थोडा वेळ माडीवर फक्त पेन्सिलींचा आवाज. कुणी भराभर, कुणी खोडत, कुणी शेजारच्याचं बघत. मी मांडीवर हात ठेवून बसायचे. तो आवाज मला आवडायचा आणि रागही यायचा. पुढच्या आठवड्यात कुणाची वही घरी राहिलेली, कुणाच्या मात्रा चुकलेल्या, कुणाला स्वतःचंच अक्षर लागेना. मग गुरुजी म्हणायचे, "तिला विचारा." मी वर्गाची वही होते. सगळे विचारायचे, मी सांगायचे, गुरुजी खूश, आई खूश, आणि माडीवर आलेला प्रत्येक पाहुणा तेच वाक्य म्हणायचा की देवानं एक घेतलं आणि एक दिलं.

पण बाकीची पोरं जिना उतरली की भडंग खात, हसत, सगळं विसरून घरी जायची. त्यांना विसरायची मुभा होती, वहीत होतं ना. मी आईचा हात धरून मारुती चौकातून जाताना अंतरा घोकत असायचे. आई भाजीवालीशी घासाघीस करायची तेव्हाही माझ्या डोक्यात तिसऱ्या आवर्तनाची तिहाई चालू. एक नवीन बंदिश आली की जुनी कुठं तरी कोपऱ्यात सरकली नाही ना, याची धास्ती. माझी स्मरणशक्ती दैवी वगैरे काही नव्हती. ती धास्तीची होती.

ब्रेल येत होतं की, असं कुणी म्हणेल. येत होतं. अंधशाळेत शिकले होते. पण पाटीवर ब्रेल लिहिणं कसं असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. जाड कागद पाटीत अडकवायचा आणि स्टायलसनं, म्हणजे टोकदार सळईनं, उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कारण ठिपके उठतात ते पलीकडच्या बाजूला. कागद उलटला की मग डावीकडून उजवीकडे वाचायचं. म्हणजे सा पासून सुरू होणारा आरोह लिहिताना डावीकडे चाललेला असतो. त्याची सवय होते. आवाजाची मात्र इतरांना होत नाही. एकदा मी हट्टानं पाटी घेऊन माडीवर गेले आणि टक् टक् लिहायला लागले. गुरुजींनी तंबोरा खाली ठेवला. "पोरी, तंबोऱ्यात कुणी खिळे ठोकावेत तसं वाटतंय गं. राहू दे तुझं, तुला पाठ होतंयच." रागानं नाही, मायेनंच म्हणाले. त्या दिवसापासून मी घरी जाऊन लिहायची, आठवून. म्हणजे लिहिण्याआधीही पाठ करणं आलंच.

भारती ब्रेलमध्ये, म्हणजे १९५१ पासून आपल्या सगळ्या भाषांसाठी चालत आलेल्या ब्रेलमध्ये, सा रे ग म लिहायला काही अडत नाही. स, र, ग, म ही अक्षरं आहेतच. कोमल, तीव्र, वरचं सप्तक, खालचं सप्तक यांच्या खुणा मी माझ्या मनानं ठरवल्या होत्या. खूप पुढं, पायपेटीच्या, म्हणजे पायानं भाता मारायच्या ऑर्गनच्या, नादानं मी पाश्चात्त्य पद्धतीची ब्रेल स्वरलिपी शिकायला घेतली तेव्हा कळलं की हे काम किती जुनं आहे. लुई ब्रेल स्वतः पॅरिसमध्ये चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, आणि १८२९ साली त्यानं आपली पद्धत पहिल्यांदा छापली तेव्हा पुस्तकाच्या नावातच शब्दांबरोबर संगीत होतं. संगीत नंतर सुचलेलं नव्हतं. त्या लिपीची युक्ती अशी की सहा ठिपक्यांच्या खान्यातले वरचे चार ठिपके स्वर सांगतात आणि खालचे दोन ठिपके तो स्वर किती लांब ते सांगतात. एका बोटाखाली स्वर आणि काळ दोन्ही. मला तर हे कळलं तेव्हा उठून नाचावंसं वाटलं. पण पुढं गंमत झाली. भारती ब्रेलमध्ये जो खाना 'ग' आहे, नेमका तोच खाना या स्वरलिपीत एफ आहे. सी ला सा मानलं तर एफ म्हणजे मध्यम. बोटाला गंधार लागायचा आणि गळ्यानं मध्यम म्हणायचा! कितीतरी दिवस मी वाचता वाचता अडखळायचे, आणि आजही दमले असले की बोट जुनंच बोलतं.

शिवाय हाताचा प्रश्न आहे. डोळस वादक कागद समोर ठेवून दोन्ही हातांनी वाजवतो. ब्रेल वाचायचं तर हातच लागतात. पियानोवाला अंध माणूस एका हातानं वाचून दुसऱ्या हातानं वाजवत आधी एक बाजू बसवतो, मग दुसरी, मग दोन्ही एकत्र. पेटीवाल्यानं काय करायचं? एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर. तिसरा हात देवानं दिलेला नाही, त्यानं स्मरणशक्ती दिली म्हणे. पायपेटीचं मात्र तसं नाही, भाता पायानं चालतो, डावा हात मोकळा. नाट्यसंगीतात ऑर्गन का आला याची कारणं जाणकार वेगळी सांगतील. माझ्यापुरतं त्याचं मोठेपण एवढंच की त्याच्यासमोर बसून मला पहिल्यांदा वाचत वाचत वाजवता आलं. पाठ नसलेलं गाणं वाजवण्यात काय मजा असते ते मला चाळिशीच्या आसपास कळलं. पुढं काय येणार हे माहीत नसतं आणि ते बोटाखाली येतं!

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावभागात शिरली तेव्हा आम्ही आईची औषधं, कागदपत्रं आणि पेटी घेऊन विश्रामबागेत मावशीकडं गेलो. ब्रेलच्या वह्या फडताळाच्या खालच्या खणात होत्या. जाड कागद, जड, कोण उचलणार. पाणी ओसरल्यावर घरी आलो तेव्हा पायाखाली तो चिकट गाळ आणि सगळीकडं कुजका वास. भावानं वह्या बाहेर काढून गच्चीवर वाळत घातल्या. शेजारच्या काकूंच्या वह्या-पुस्तकांची शाई पसरली होती, त्या रडत होत्या. माझ्याकडं पसरायला शाई नव्हती. कागद वाळल्यावर मी हात फिरवला तर ठिपके बसले होते. लगदा होऊन सपाट. मधेच कुठं एखादा ठिपका वर, बाकी सगळं गुळगुळीत. काकूंना धूसर का होईना, दोन ओळी लागत होत्या. माझ्या वहीत डोळसाला पांढरा कागद दिसत होता आणि मलाही पांढराच.

त्यानंतर भाच्यानं लॅपटॉपवर म्यूजस्कोर हे स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. फुकट मिळतं, म्हणून पहिल्यांदा विश्वास बसला नाही. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए माझ्याकडं आधीपासून होतं, तेही फुकटच. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध प्रोग्रॅमरनं ते सुरू केलं. महागडी सॉफ्टवेअरं मी बघितली नाहीत असं नाही. एका ठिकाणी तर उघडल्याबरोबर "बटन, बटन, बटन" एवढंच ऐकू आलं. कुठलं बटन, कशाचं, पत्ता नाही. बनवणाऱ्यांनी चित्रं काढली होती, नावं द्यायची राहून गेली. म्यूजस्कोरमध्ये माउसला हात न लावता सगळं लिहिता येतं, आणि लिहिलेलं ते बोलून दाखवतं.

कसं, ते सांगते. समजा भीमपलासी रागाची उठावण लिहायची आहे, नि सा ग म, नि आणि ग कोमल, नि खालचा. सा ला मी सी धरते. एन दाबलं की लिहिणं सुरू. पाच दाबलं की एक मात्रेचा स्वर, चार दाबलं की अर्ध्या मात्रेचा. मग बी. कानात आवाज येतो, "बी फोर". तो वरच्या सप्तकात पडला असेल तर कंट्रोल धरून खालचा बाण. मग नुसता खालचा बाण, की "बी फ्लॅट", म्हणजे कोमल. आता सी. मग ई आणि खालचा बाण, "ई फ्लॅट". मग एफ. इथं एक बारकावा आहे. कोमल गंधाराची पट्टी पेटीवर एकच, काळी. पण रे लिहून वरचा बाण दाबला तर हे म्हणतं "डी शार्प", आणि ग लिहून खालचा बाण दाबला तर "ई फ्लॅट". आवाज तोच, पण कागदावर जागा वेगळी. पेटीवाल्याच्या बोटाला हा फरक कधीच पडलेला नसतो. मला मात्र बरं वाटलं, कारण आपण तरी तेच म्हणतो ना, रिषभ चढवून गंधार होत नाही, गंधार उतरतो.

अडचण कानाची आहे. डोळस माणूस डोळ्यांनी बघतो आणि कानांनी ऐकतो, दोन वाटा. माझी वाट एकच. स्वर वाजतो त्याच कानात बाई इंग्रजीतून सांगत असते, क्वार्टर, मेजर थ्री, बीट टू, म्हणजे स्वराची लांबी, तिसरं माप, दुसरी मात्रा. स्वराचा शेवट ऐकावा म्हटलं तर तोवर ही बोलायला लागलेली. मी तिचा वेग इतका वाढवलाय की घरच्यांना शब्द लागत नाहीत. एकदा शिकवणीला आलेली मुलगी दारातच थबकली, "मॅडम, हे कुणाला शिव्या द्यालंय?" वीस खान्यांची ब्रेल पट्टी घेतल्यापासून थोडी सुटका झाली. २०२३ च्या ४.१ आवृत्तीपासून म्यूजस्कोर जे माप चालू आहे त्याचं ब्रेल त्या पट्टीवर पाठवतं. पिना खर्र करून वर येतात, बाईला गप्प करता येतं, आणि शांततेत वाचता येतं. वीस खान्यांत एखादी भरगच्च ओळ मावत नाही, मध्येच तुटते, पुढं सरकवावी लागते. पण पिना पुरात बसत नाहीत, आणि फाइल भाच्याकडं, पुण्यातल्या वादकांकडं आणि आणखी दोन ठिकाणी असते.

आता हे सगळं ऐकून आमच्यातले जुने लोक म्हणतात, "अगं पण मींड कुठं लिहिणार? आंदोलन कुठं लिहिणार? यात आपलं गाणं मावतं का?" मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, आंदोलन म्हणजे स्वर झुलवणं. नाही मावत. भीमपलासीच्या त्या गंधाराला मध्यमाचा जो स्पर्श असतो तो लिहायला गेलं की एक छोटासा स्वर चिकटवल्यासारखा होतो, आणि वाजवून दाखवताना कॉम्प्युटर तो असा वाजवतो की कान बंद करावेत. पण मी पेटीवाली आहे. मला हा आरोप नवा नाही. मींड नाही, श्रुती म्हणजे स्वरांमधले बारीक सूर नाहीत, परदेशी वाद्य, म्हणून आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत सुटली नव्हती. तेवढ्या काळात पेटीनं काय केलं? साथ केली. गळ्यानं मींड घ्यायची आणि पेटीनं तिच्या दोन टोकांना हात द्यायचा, एवढं तिला जमतं आणि तेवढं पुरतं. लिहिलेल्या कागदाकडूनही मी तेवढंच मागते. मधली वाट सांगायला मी आहे की.

स्टुडिओत त्या दिवशी तेच झालं. अभंग भीमपलासीतला आणि गायक काळी दोनवाले, म्हणजे त्यांचा सा पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर, म्हणून मी सगळं काळी दोनला चढवून छापून आणलं होतं. व्हायोलिनवाल्यानं सुरुवातीलाच सुस्कारा सोडला, "ताई, पाच फ्लॅट?" काळी दोनच्या भीमपलासीत पाच फ्लॅटच्या खुणा येतात आणि व्हायोलिनच्या मोकळ्या तारा सगळ्या निकामी होतात. मी गायकबुवांना म्हटलं, अर्धा सूर उतरता का, पांढरी दोन? ते आधी "जीव राहत नाही हो त्यात" म्हणून कुरकुरले. मी लॅपटॉप उघडला, सगळं निवडलं, अर्धा सूर खाली, आणि स्टुडिओच्या प्रिंटरवर नवे कागद. पांढरी दोनला भीमपलासी सगळी पांढऱ्या पट्ट्यांवर बसते, एकही खूण लागत नाही. त्याहून गोड गोष्ट अशी की व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा तिथं म, सा, प, रे होतात, आणि चेलोच्या कोमल नि, म, सा, प. सगळ्याच्या सगळ्या रागातल्या. तिघांनी नुसत्या मोकळ्या तारा ओढल्या तरी खोली भरली. गायकबुवा पुढं काही बोलले नाहीत. घसा खाकरून सा लावला.

मग ठेक्यावरून थोडं वाजलं. भजनी ठेका आठ मात्रांचा. वादकांना सोयीचं जावं म्हणून मी चार-चारची मापं पाडली होती, आणि पाचव्या मात्रेवर, जिला 'खाली' म्हणतात त्या बिनवजनाच्या मात्रेवर, "हलके" असं लिहिलंही होतं. पण माप सुरू झालं की गज खाली ओढून वजन द्यायचं ही त्यांच्या हाताची शिकवण. त्यामुळं ही 'खाली' समेइतकी, म्हणजे पहिल्या मात्रेइतकी, जोरात यायला लागली. तबलेवाला अस्वस्थ झाला, पान चघळायचा थांबला. पूर्वी अशा वेळी मी काय केलं असतं? गाऊन दाखवलं असतं, पुन्हा गाऊन दाखवलं असतं, आणि ते "हो हो ताई" म्हणत अंदाजानं वाजवत राहिले असते. आता मी ब्रेल पट्टीवर बोट ठेवून म्हटलं, "मेजर १८, पहिली मात्रा, गज वर. २०, २२, २४, तिथंही." कागदांची सळसळ, पेन्सिलींचा आवाज. तिघांनी आपापल्या कागदावर खूण केली. मी सांगत होते आणि बाकीचे लिहून घेत होते, हे माडीवरही व्हायचं. पण तेव्हा ते माझ्यातून उतरवून घेत होते, आता माझ्या कागदावर दुरुस्ती करत होते. चेलोवाल्यांनी तर वाद घातला. २२ मध्ये गज वर घेतला तर पुढचा लांब स्वर अडतो म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. मी मानलं. माझ्या चालीवर कुणी असं मापाचा आकडा सांगून वाद घातल्याचं मला आठवत नाही. आंधळ्या बाईशी लोक एरवी वाद घालत नाहीत, सांभाळून घेतात.

सगळं साजरं आहे असं नाही. कागद दिसायला कसा आहे हे मला कधीच कळत नाही. शब्द स्वरांवर चढलेत का, ओळी एकमेकींना घासतात का, हे म्यूजस्कोर सांगत नाही. भाचा येऊन बघतो तेव्हा कळतं. "सुबक आहे का रे?" विचारलं की म्हणतो, "भारी आहे गं मावशी," आणि त्याच्या "भारी"वर माझा फारसा भरवसा नाही. आणि दोनच महिन्यांपूर्वी एका बँकेत, मी सही करते म्हटल्यावर काउंटरवरच्या बाईंनी शाईचं पॅड पुढं सरकवलं आणि माझा हात धरून अंगठा त्यावर टेकवला. पर्समध्ये त्या अभंगाचे छापील कागद होते. काढून दाखवावेत असं एकदा वाटलं, पण मागं रांग होती.

मिरजेला गेले की मला पलुसकरांची आठवण येते. विष्णु दिगंबर लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा होऊन मिरजेला आले, आणि दृष्टी अधू झाल्यामुळं बाकीचं शिक्षण सुटून बाळकृष्णबुवांकडं गाण्याला लागले. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि आपल्या गाण्याला स्वतःची स्वरलिपी दिली. हे मला फार आवडतं. नजर गेलेल्याच्या गळ्यात गाणं घालायचं हा जुना रिवाज; पण या माणसानं गळ्यावर भागवलं नाही, लिहायची सोय केली. त्यांच्या आणि त्याच काळातले दुसरे स्वरलिपीकार भातखंडे यांच्या लिपीत मात्र खुणांचं गणित जमत नाही. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक. पलुसकर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक, आणि तार सप्तकाला उभी रेघ. एकच टिंब, एकाला वर नेतं आणि एकाला खाली.

आणि सध्या माझं भांडण याच टिंबावरून चाललंय. गुरुजींच्या बंदिशी मी आठवतील तशा लिहून काढतेय, माडीवरच्या, पुरात गेलेल्या. गुरुजींची स्वतःची वही मिरजेत त्यांच्या मुलीकडं, आमच्या अक्कांकडं आहे. मुलतानी रागातल्या एका बंदिशीचा अंतरा मी अक्कांना फाइल करून पाठवला. फोन आला, "अगं, मुखड्याआधीचा निषाद तू खाली घेतलायस. बाबा वर जायचे. वहीत वर टिंब आहे, ढळढळीत." मी म्हटलं, अक्का, तिथं ते खालीच जायचे, खर्ज लावताना त्यांचा दम सुटायचा आणि ते आधी खोकून घ्यायचे, मला ते खोकणं आठवतंय. अक्का म्हणाल्या, "खोकण्यावरून सप्तक ठरवतात होय गं?" त्या संगीत घेऊन बी. ए. झालेल्या, टिंब त्यांना भातखंडे पद्धतीनंच वाचायची सवय. गुरुजी शिकले ते पलुसकरांच्या परंपरेत, पण शिकवायचे कधी या लिपीत, कधी त्या, पुस्तक हाताशी येईल तसं.

पूर्वी असं झालं असतं तर मी गप्प बसले असते, किंवा "तिला पाठ आहे" म्हणून अक्का गप्प बसल्या असत्या. आता दोन्ही निषाद माझ्याकडं दोन फाइलींत लिहिलेले आहेत, दोन्ही वाजवून बघता येतात, आणि खरं सांगायचं तर वरचाही वाईट लागत नाही. रविवारी लॅपटॉप घेऊन मी मिरजेला जाणार आहे. तोवर अक्कांच्या नातवाला एक काम सांगून ठेवलंय. गुरुजींची ती वही पहिल्या पानापासून चाळायची, आणि मध्यम सोडून दुसऱ्या कुठल्या स्वराच्या डोक्यावर उभी रेघ दिसते का ते बघायचं. मध्यमाची धरायची नाही, कारण भातखंडे पद्धतीत ती तीव्र मध्यमाची खूण असते. दुसऱ्या स्वरावर एक जरी रेघ सापडली तरी त्या वहीतलं टिंब बहुधा मंद्राचं. पोरगं दहावीत आहे, वही जुनी, पानं सुटायला आलीयत, म्हणून हळू उलटायला सांगितलंय.